आवाजाची सेवा सुरू होत नाही

११ ऑक्टो., शनिवार

फार दिवसांनी लिहितेय. माफी मागायची तर कुणाची? लिहिणारी मी, वाचणारीही मीच. तरी अपराधी वाटतंच.

दसऱ्यापासून कॉम्प्युटर मुका. स्क्रीन लागते, सगळं उघडतं, आवाज तेवढा नाही. आणि आवाज नाही म्हणजे विनूसाठी कॉम्प्युटरच नाही. डोळे गेलेल्या माझ्या या धाकट्या भावाचं सगळं त्यातल्या बाईच्या आवाजावर चालतं. तो कळ दाबतो, ती अक्षर बोलते. पुण्याच्या संस्थेनं मुलाखती ऐकून टाइप करायचं काम दिलंय, चाचणी म्हणून. बुधवारपर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर पुढे कायम.

आज सर्व्हिसेसची यादी उघडली. ऑडिओपुढे 'थांबलेली'. 'सुरू करा' दाबलं. हिरवी पट्टी निम्म्यावर गेली, आणि: सेवा सुरू होऊ शकली नाही.

"लागली का गं, अक्का?"

"बघतेय."

काय बघतेय? कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते मी.

१२, रवि.

ऑडिओ सुरू व्हायच्या आधी दुसरी एक सेवा सुरू व्हावी लागते, तिच्या आधी तिसरी. तिसरीची फाइलच अर्धवट. दसऱ्याला सकाळी अपडेट चालू असताना वीज तुटली, अशी नोंद निघाली. पण त्या दिवशी इथे वडवणीत लाइट गेलीच नव्हती.

आईला विचारलं. म्हणाली, "विनूनंच काढला की कॉम्प्युटरचा डबा. पूजेत मांडायला."

आठवलं. चुलतभाऊ नामदेवचे कोयते दरवर्षी आमच्याच घरी पुजतात, पूजा झाली की टोळी ऊसतोडीला निघायच्या तयारीला लागते. यंदा कोयत्यांच्या रांगेत विनूचा डबा होता. हळदकुंकू, आपट्याची पानं. मीच फुलं वाहिली. "माझं बी हत्यार हाय," म्हणाला होता. डोळे गेल्यानंतर पहिल्यांदाच रांगेत त्याचं काहीतरी. वायर चाचपडत त्यानंच ओढली असणार. स्क्रीनवर 'बंद करू नका' लिहिलेलं असेल. अपडेट चालू असताना ती बाईही बोलत नाही, ते वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

त्याला सांगावं? न सांगणं ही माया, की त्याला लहान समजणं?

नामदेव संध्याकाळी आला. "काय बे विन्या, तुझ्या हत्याराला धार गेली व्हय? आमचं बरं, दगडावर घासलं की चालू."

विनू हसला. मला नाही हसता आलं.

१३, सोम.

दुरुस्तीच्या आज्ञा दिल्या, दोनदा. 'काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत.' बीडच्या दुकानदाराला फोन. "म्याडम, फॉरमॅटच मारावं लागंल. पर दिवाळीच्या आत न्हाई जमणार, लई मशिनी पडल्यात." विनूचं टाइप केलेलं पेनड्राइव्हवर घेतलं. निदान ते तरी.

जेवताना विनू म्हणाला, "कारण कळलंय तुला. कालपासून तू नुसती 'सुरू करा' दाबतीस. शोधायची थांबलीस."

सांगितलं. घास हातात तसाच. मग म्हणाला, "आरती म्हणत होतो मी तवा."



१४, मंगळ.

मुलाखत माझ्या फोनवर लावली. तो ऐकून टाइप करतो, मी स्क्रीन वाचते. मीच आवाज. दीड पान झालं. छान चाललं होतं, असं मला वाटलं.

एकदम थांबला. "अक्का, चुकलो होतो का?"

"नाही."

"एक बी न्हाई?"

दोन शब्द मी हळूच नीट केले होते. तीन. कळांचा आवाज त्याला ऐकू गेला असणार.

"ती बाई बरी. मुडद्यासारखी बोलती, पर चुकलं तसं चुकलं म्हणती. तू माया करतीस." आणि उठून बाजेवर, भिंतीकडे तोंड करून. कॉम्प्युटर येईपर्यंत तीन वर्षं असाच पडून असायचा.

मला वाटलं होतं मी मदत करतेय. की त्याचं काम आपल्या हातून सुंदर व्हावं, एवढंच हवं होतं मला?

१५, बुध.

सकाळी पुन्हा 'सुरू करा'. सवय झालीय. पट्टी निम्म्यावर.

पुण्याहून मेल. आज काम येतंय ना? उद्या दुपारपर्यंत थांबतो, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. वाचून दाखवला. या वेळी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही त्यानं, एवढंच.

म्हटलं, दीड पान आहे ते पाठवू?

"ते तुझं हाय."

मग अडचण कळवते, मुदत मागते.

"तू कळवणार. तू मागणार. आन् त्यांना वाटंल, ह्याला बहीण चालवती."

खरं तर आहे. आणि खरं नाही.

आई दोनदा चहाला हाक मारून गेली. तो उठला नाही, मीही नाही.

उद्या : कॉलेजला जायच्या आधी पुण्याच्या मेलचं उत्तर त्याच्याकडूनच टाइप करून घेणे, चुकांना हात न लावता पाठवणे.