क्रमांक सहा : पोहण्याचा सराव पुन्हा सुरू करणे

११ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

ऑफिसात नवीन फॉर्म आला. नाव, हुद्दा, रक्तगट, वय. वयाच्या चौकटीत ४९ लिहिलं आणि पेन थांबलं.

खाली ‘छंद व क्रीडाप्रकार’ अशी ओळ. शेजारच्या टेबलावरची टाचणी डोकावत होती. (तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती बोलली की टोचतं.) ओळ रिकामी कशी सोडणार? ‘पोहणे, कॉलेज पातळी’ असं लिहिलं. आमच्या कॉलेजात तलाव होता. मी त्याच्या काठावर तीन वर्षं बसलो आहे.

मुद्दा असा, की २ मे रोजी मी पन्नास पूर्ण करणार. हातात ऐंशी दिवस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात एकवीस वर्षं बसून ‘अडकलो, अडकलो’ ऐकतोय. आता स्वतः वर जायचं ठरवलं आहे. (हे वाक्य घरी बोलायचं नाही. लेक वेगळा अर्थ काढेल.)

१२ फेब्रुवारी

यादी तयार. पन्नाशीच्या आत पन्नास ध्येयं, अशी कल्पना होती. तेविसाव्यानंतर सुचेना. तेवीस पुरेत. पसारा नको.

वरची सहा अशी : १. रोज पहाटे पाचला उठणे. २. एक परकी भाषा. ३. दहा किलो वजन उतरवणे. ४. कादंबरी लिहिणे. ५. माउथ ऑर्गन. ६. पोहण्याचा सराव पुन्हा सुरू करणे.

सहाव्यातला ‘पुन्हा’ महत्त्वाचा. लहानपणी मामाने मला तळ्यात ढकललं होतं आणि मी बाहेर आलो होतो. बाहेर काढायला चार माणसं लागली, हा तपशील झाला. बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की मी पट्टीचा पोहणारा. त्याला बावीस वर्षं झाली. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मधे खंड पडतो.

यादी लॅमिनेट करून फ्रिजवर लावली. लेक म्हणाली, बाबा, लॅमिनेट कशाला, काही बदलायचं झालं तर? बदलायचं नाही म्हणूनच लॅमिनेट.

बायकोने यादी खिडकीकडे धरून वाचली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, तिला सगळं उजेडात धरून वाचायची सवय. सहाव्या ओळीवर जरा थांबली. मग म्हणाली, छान आहे, आणि दूध आत ठेवा.

१५ फेब्रुवारी, पहाटे ५.००

उठलो!

त्याच दिवशी, सकाळी ७.४०

पुन्हा उठलो. पाचला उठलो होतोच, गजर बंद करायला. ध्येयात ‘उठणे’ आहे. ‘उठून राहणे’ नाही. खूण केली.

२२ फेब्रुवारी

फ्रेंच जोरात. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माझं चुकलं’ हे तीन शब्दप्रयोग पक्के. बायको म्हणाली, यातला तिसरा मराठीतही शिका.

माउथ ऑर्गन वाजवला. खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर आले. कुणाला बरं नाही का, विचारत होते. कलाकाराच्या वाटेत हे असतंच.

९ मार्च, दुपारी १

साहेबांनी बोलावलं. १२ एप्रिलला कंपनीचा क्रीडादिन. पंचेचाळीसच्या वरच्यांसाठी पोहण्याची शर्यत, पंचवीस मीटर. सगळ्यांचे फॉर्म चाळून साहेबांनी आमच्या विभागातर्फे माझं नाव देऊन टाकलं. विभागाची इज्जत तुमच्या हातात, म्हणाले. टाचणीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, बराच वेळ.

मी नम्रपणे म्हणालो, खांदा दुखतो. साहेबांनी विचारलं, कुठला? मी डावा म्हणालो आणि उजवा धरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

शांतपणे विचार केला तर ही संधी आहे. चौतीस दिवसांत माणूस काय वाटेल ते करू शकतो.

१० मार्च

सार्वजनिक तलावावर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, येतं की शिकायचंय? म्हटलं, उजळणी. त्याच्याकडे उजळणीचा रकाना नाही. ‘नवशिके, सकाळी साडेसहा’ या रकान्यात नाव घातलं. तात्पुरतं.

घरी सांगितलं की सराव सुरू करतोय, मात्र बघायला कुणी यायचं नाही. खेळाडूला एकांत लागतो. बायको म्हणाली, बरं, आणि चष्मा काढून जा.

१२ मार्च

आमच्या वर्गाची मास्तरीण लेकीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. वर्गात सगळे निवृत्त लोक. सर्वांत थोरल्या पोस्टमास्तरबाई, वय एकाहत्तर. मास्तरीण मला म्हणाली, काका, भिंत सोडा. मी सांगितलं, पाण्याचा अंदाज घेतोय. पाणी कमरेपर्यंत होतं. अंदाज घ्यायला तास गेला.

घरी विचारलं, कसं झालं? म्हटलं, अंगात असतं ते जात नाही.

१९ मार्च

पोस्टमास्तरबाई तरंगल्या. पाठीवर. छताकडे बघत, सुनेबद्दल बोलत. मी भिंतीवरून विचारलं, तुमचं ध्येय काय? म्हणाल्या, काही नाही हो, पाण्यात अंग हलकं वाटतं. एकाहत्तर वर्षं आणि एक ध्येय नाही. वाईट वाटलं.

२६ मार्च

मोठा शोध लागला. उथळ बाजूला छातीपर्यंत वाकायचं, पायांनी चालायचं आणि हात पोहल्यासारखे मारायचे. काठावरून बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही. मास्तरीण म्हणाली, काका, तुम्ही चालताय. मी म्हणालो, पाय टेकतात, हा तलावाचा दोष.

आमच्या बाजूला शेवटी एक लाल दोरी बांधलेली आहे. तिच्यापलीकडे गेलो नाही. इकडे इतकी प्रगती होत असताना तिकडे जायची गरज नाही.

४ एप्रिल

यादीचा आढावा. लॅमिनेशनवर लिहिता येत नाही म्हणून वरून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. ‘कादंबरी लिहिणे’वर ‘वाचणे’ची पट्टी, तिच्यावर ‘आणणे’ची. आणली. खूण.

‘दहा किलो वजन उतरवणे’ : दुकानातून पीठ आलं होतं, दहा किलोचं पोतं. टेम्पोतून मी स्वतः उतरवलं. खूण. लेक हसत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून दोघींचा हसण्याचा आवाज आला. घरात आनंदी वातावरण आहे.

तेवीसपैकी एकोणीस पूर्ण. हा वेग पाहता पन्नास ध्येयं घ्यायला हवी होती.

११ एप्रिल, संध्याकाळी

उद्या शर्यत. डावपेच ठरला : सुरुवात सावकाश, मधे स्थिर, शेवटी हात उंचावून अभिवादन.

जेवताना बायकोने विचारलं, खांदा कसा आहे? म्हटलं, एकदम ठीक. मग म्हणाली, दुखत असेल तर नाही म्हणून कळवा, साहेब काही खाणार नाहीत तुम्हाला. मी म्हणालो, विभागाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. तिने मला आणखी एक पोळी वाढली. तिच्या आवाजात काळजी होती. बाकीच्या स्पर्धकांची असावी.

दोघींनी रजा काढली आहे. येणारच म्हणतात.

१२ एप्रिल, दुपारी २

लिहायचं नाही.

१२ एप्रिल, संध्याकाळी ७

लिहितो.

तोच तलाव. काठावर सगळी कंपनी, दोनशे माणसं तरी. सहा स्पर्धक. सुरुवात उथळ बाजूने आहे असं कळलं तेव्हा मला वाटलं, नशीब आपल्या बाजूने आहे.

शिटी वाजली. पाच जणांनी उड्या मारल्या. मी शिडीने उतरलो. मग वाकलो आणि हात मारत निघालो. पहिले काही मीटर फार सुरेख गेले. आमच्या विभागातले ‘चला, चला’ ओरडत होते आणि मी चालतच होतो. एका गृहस्थाला मी जवळजवळ गाठलं.

लाल दोरी शर्यतीसाठी काढून टाकलेली होती. ती कुठे असायची हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. पुढचं पाऊल टाकलं आणि खाली काही नव्हतं.

छत दिसलं. मग दिसेनासं झालं. मग पुन्हा दिसलं. नाकातोंडात पाणी गेलं. ओरडायचं ठरवलं, पण तोंड उघडलं की आणखी पाणी आत येत होतं. तेवढ्यात छातीला काहीतरी आडवं लागलं. मास्तरिणीचा लांब बांबू. तो मी असा धरला की तीच आत पडायची. तिने ओढत ओढत मला काठाला आणलं. मी भिंतीला दोन्ही हातांनी मिठी मारली. या वेळी ‘काका, भिंत सोडा’ म्हणाली नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बायको टॉवेल घेऊन आली आणि चांगल्या कपड्यांत ओल्या फरशीवर बसली. लेक जरा लांब उभी राहिली. मला धाप लागली होती. मी म्हणालो, “मला पोहता येत नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो होतो तेव्हापासून. नावेत बसलो होतो. तुम्ही एका हाताने नाव धरली होती आणि एका हाताने मला. नाव अजून सोडलीही नव्हती हो, काठालाच बांधलेली होती.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्हाला लाज वाटली असती. म्हणून मग दर सुट्टीत मीच म्हणायचे, डोंगरात जाऊ.”

आमच्या सगळ्या सुट्ट्या डोंगरात गेल्या आहेत. मला आजवर वाटत होतं, तिला डोंगर आवडतात. एकदा वाढदिवसाला मी तिला चढणीचे बूट आणले होते.

“बावीस वर्षं डोंगर चढले,” ती म्हणाली. “गुडघ्यांचा एक्स-रे घरी आहे, दाखवते. स्वतःच काढलाय.”

“तुला काय आवडतं मग?”

“समुद्र,” ती म्हणाली आणि टॉवेलने माझं डोकं पुसायला लागली. टॉवेल तोंडावर आला होता ते बरं झालं.

१३ एप्रिल

ऑफिसात गेलो. न जाण्याची सतरा कारणं सुचली होती, पण बायकोने डबा हातात दिला. टेबलावर आमच्याच विभागाचा कोरा तक्रारअर्ज होता. ‘कुठे अडकलात?’ या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘चौदाव्या मीटरवर.’ अक्षर टाचणीचं. शेजारी कपात गरम चहा झाकून ठेवलेला, तोही तिनेच. मी चहा प्यायलो आणि अर्ज रीतसर फाइल केला.

साहेबांना जाऊन सांगितलं की फॉर्मवर लिहिलं ते खोटं होतं. साहेब म्हणाले, मीही त्यावर गिर्यारोहण लिहिलंय.

२१ एप्रिल

बायकोने नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. आम्ही दोघं आता बरोबरच जातो. मास्तरिणीने तिला एकदाच सांगितलं, काकू, भिंत सोडा. तिने सोडली. मी तेव्हा खांद्याबद्दल काहीतरी बोलत होतो, ते अर्धवट राहिलं.

यादी फाडायला गेलो. लॅमिनेशन फाटेना. लेकीने ती मागितली. काय करणार विचारलं, तर म्हणाली, ठेवते, मजा येते वाचायला.

२९ एप्रिल

बायको आणि पोस्टमास्तरबाई आज दोरीपर्यंत तरंगत गेल्या. दोघी छताकडे बघत सुनेबद्दल बोलत होत्या. आम्हाला सून नाही, तरी बायकोकडे बोलायला पुष्कळ होतं. मी उथळ बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत होतो. तिला हलकं वाटत असणार. चेहरा तसा दिसत होता.

जूनमध्ये समुद्रावर जायचं ठरलं आहे. चार दिवस. आरक्षण मी केलं. ती पाण्यात जाणार, मी वाळूत बसून चपला सांभाळणार. हे मी स्वतःहून कबूल केलं.

२ मे, सकाळी ८.१५

पन्नास पूर्ण.

कुठलीही खूण करायची नव्हती, म्हणून सकाळी जरा रिकामं वाटलं. तलावावर गेलो. मास्तरीण म्हणाली, काका, आज फक्त तोंड पाण्यात घाला, हात धरून. हात बायकोने धरले. मी डोळे मिटले, नाक दाबायला तिसरा हात नाही हे लक्षात आलं, तरी गेलो खाली. डोक्यावरून पाणी गेलं. आत फार शांत होतं. वर आलो तेव्हा पोस्टमास्तरबाई टाळ्या वाजवत होत्या.

मी म्हणालो, दहा सेकंद तरी झाली असतील. बायको म्हणाली, चार.

चार सेकंद.