बोलका तित्तर

सेरंगून, सिंगापूर
३ ऑगस्ट २०२४

चि. सारंग,

ताईचे आशीर्वाद. एकतालाही सांग. आम्ही बरे आहोत. प्रकाशचं ऑफिस, ऋचाच्या परीक्षा, सगळं नेहमीसारखं. कागदावरचं पत्र बघून हसशील. हस. प्रकाशच्या ऑफिसातला धवल पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतेय. माझा फोन अण्णा बघतात. जावयाच्या घरात राहूनही आपल्या वडिलांचा अंमल काही कमी झालेला नाही.

आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं. आता व्हीलचेअरच. सकाळी त्यांना इमारतीखाली नेते. तिथे काही चिनी आजोबा पक्ष्यांचे पिंजरे टांगून त्यांचं गाणं ऐकत बसतात. परवा अण्णा म्हणाले, "एवढा गळा, आणि नुसता गायला ठेवलाय? माळावर न्यायला पाहिजे याला." मग घरी येऊन त्यांनी ऋचाला आपल्या तित्तराची हकीकत रंगवून सांगितली. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, सो क्रूएल लाह!" अण्णा एकदम खूश.

आठवतो ना तो? पिल्लू असल्यापासून मीच त्याला वाळवी भरवून वाढवला होता. शिकारीला बंदी होती, म्हणून अण्णा आपल्याला उजाडायच्या आत माळावर न्यायचे. कुसळांनी तुझी चड्डी भरायची. गवतात पिंजरा ठेवायचा, भोवती फासे लावायचे, पिंजऱ्यावरचं फडकं काढायचं. आपला तित्तर ओरडला की रानातला तित्तर तावातावाने भांडायला यायचा आणि त्याचा पाय फाशात अडकायचा. अण्णा तिथेच, पिंजऱ्यासमोर, त्याची मान पिरगाळायचे. मग आपल्या तित्तराला बक्षीस म्हणून मूठभर वाळवी. तोही खायचा. तू रडायचास. मी रडत नसे. मला वाटायचं, त्याला काय कळतंय.

त्याला कळत असणार, सारंग.

चौदा वर्षांपूर्वी मी तुला फोन केला होता, "अण्णांना अ‍ॅटॅक आलाय, एकटाच ये." तू धावत आलास. एकताशी लग्न केलंस म्हणून चुलतभावांनी ओसरीवरच तुझा गुडघा फोडला. नंतर हॉस्पिटलात तू मला म्हणालास, "ताई, तुलाही फसवलं ना त्यांनी?" मी 'हो' म्हणून मान हलवली.

मला कुणी फसवलं नव्हतं. मी फोन करत होते तेव्हा अण्णा शेजारच्या खुर्चीत बशीतून चहा पीत होते. काय होणार ते मला ठाऊक होतं. महिनाभरात त्यांनी माझं प्रकाशशी लग्न लावून दिलं. दोन वर्षं मी त्याच्यासाठी हट्ट धरून बसले होते आणि ते ऐकत नव्हते. ती माझी वाळवी.

आता मुद्द्याचं लिहिते. अण्णांना किडनी हवी आहे. तुझी. "नाहीतरी लेकीला कशाला कापायचं होतं? त्याला बोलाव. तुझ्या आवाजाला येतो तो," असं म्हणाले. कारण सांगायचं नाही, नुसतं भेटायला ये म्हणायचं. एकदा आलास की आजारी बापाच्या तोंडावर तू नाही म्हणणार नाहीस, याची त्यांना खात्री आहे. मलाही आहे.

माझी किडनी जुळते. महिन्यापूर्वीच कळलं. अण्णांना मी जुळत नाही म्हणून सांगितलंय. प्रकाशलाही तेच. रिपोर्ट ऋचाच्या जुन्या वह्यांखाली आहे. मला द्यायची नाही. दुसरं कुणी देणारं नाही, हेही मला माहीत आहे. मला समजवायला जाऊ नकोस.

पुढच्या रविवारी सकाळी मी फोन करेन, स्पीकरवर. अण्णा शेजारी असतील. मी रडेन. "एकदाच भेटून जा रे," म्हणेन, ऋचाची शपथही घालेन. ऐकून घे आणि ठेवून दे. मी परत करेन. परत ठेव. मला किती छान बोलावता येतं ते तुझ्या गुडघ्याला विचार.

हे पत्र आधी एकताला वाचायला दे. तू विरघळशील, ती विरघळणार नाही. रविवारी फोन तिच्याकडेच राहू दे.

माफी मागत नाही. येऊ नकोस.

जिच्या आवाजाला तू आला होतास, ती
उल्काताई