दहावर ठाम

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. वर्षाचे आठ महिने गेलेत, पण डायरी आत्ता हाती लागली. बियाण्यांच्या दुकानातून फुकट मिळालेली आहे. प्रत्येक पानाखाली कपाशीवरच्या एकेका किडीची माहिती. वाचनीय.

विषय गंभीर आहे. १४ ऑक्टोबरला विंडोज दहाचा सपोर्ट बंद होणार. सगळ्यांनी अकरावर जायचं म्हणे. अशा वेळी सोनईतले लोक कुणाकडे बघणार? माझ्याकडे. बावीस वर्षं मोटार रिवाइंडिंग केलंय. ज्याला तार कळते त्याला कॉम्प्युटर कळतो. आत तारच असते.

आता मी 'सविता झेरॉक्स अँड मल्टिसर्व्हिसेस'चा संचालक आहे. सविता, म्हणजे आमची सौ., फक्त कॉम्प्युटरवर बसून फॉर्म भरणं, स्कॅन करणं, प्रिंट काढणं आणि पासपोर्ट फोटो कापणं एवढंच बघते. बाकी सगळं माझ्याकडे. बाकी म्हणजे निर्णय.

संकल्प : घाई करायची नाही. सर्व बाजू तपासायच्या. तोवर दहा एके दहा.

२ सप्टेंबर, दुपारी २.१०
सविता जेवायला घरी गेली की तासभर कॉम्प्युटर माझा. (दोन डाव पत्ते, मग तांत्रिक निरीक्षण.) आज आनंदाची गोष्ट लक्षात आली. गेलं वर्षभर 'अपग्रेड करा, अपग्रेड करा' असा संदेश स्क्रीनवर यायचा. मी दर वेळी 'नंतर' दाबायचो. परवा शनिवारी मी घोडेगावला साखरपुड्याला गेलो, रविवारी दुकान बंद, आणि कालपासून तो संदेश यायचाच थांबला! माझ्या ठामपणापुढं समोरच्यांनी हात टेकले.

सविता आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, शनिवारी तुमी नव्हता ना, तवा मीच ते..." मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, तांत्रिक बाब आहे, सवडीनं समजावून सांगेन. ती म्हणाली, बरं.

४ सप्टेंबर
एक बारीक बिघाड. खाली डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण सरकून मधोमध आलंय. सोबत बाकीची चिन्हंही आलीत. कारण दोन मिनिटांत सापडलं. टेबल उजवीकडं कललंय. मॉनिटर एलसीडी आहे. एल म्हणजे लिक्विड. उतार मिळाला की लिक्विड जाणारच.

उजव्या पायाखाली लॅमिनेशनच्या खोक्याचा पुठ्ठा घातला. उद्यापर्यंत परत जागेवर येईल.

५ सप्टेंबर
आलं नाही. आणखी एक पुठ्ठा.

८ सप्टेंबर
चार पुठ्ठे झाले. सविताचा पेन घरंगळून तीनदा खाली पडला. ती म्हणाली, "अहो, त्या बटनाचं असंय की..." मी म्हटलं, लिक्विडला वेळ लागतो. तिनं पेन कानावर अडकवला.

शिवाय पडद्यावर आधी खिडकीतून उजेड येतानाचा छान फोटो होता. तो जाऊन तिथं निळा कोबी आलाय. हे सविताचंच काम. भाजीचा फोटोच लावायचा तर हिरवा तरी लावावा. बोललो नाही. संसारात काही गोष्टी सोडून द्याव्यात.

११ सप्टेंबर
पहिला सल्ला दिला! एम्ब्रॉयडरीवाली रेश्मा लॅपटॉप घेऊन आली. तिची सगळी डिझाइनं त्यात. "भाऊ, अकरा करू का नको?" मी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पाऊण तास दोन्ही बाजू मांडल्या. शेवटी म्हणालो, अजिबात करू नकोस. अकरात म्हणे सगळंच वेगळं असतं, माणूस पहिल्याच मिनिटाला हरवतो. मी स्वतः दहावर आहे, बघ काही अडलंय का?

ती म्हणाली, "न्हाई, तुमचं तर झ्याक चाललंय." मग आत सविताजवळ जाऊन बसली. दोघी दीड तास ब्लाउजबद्दल बोलत होत्या. लॅपटॉप मांडीवर तसाच उघडा. बायकांना मशीनची कदर नाही.

१५ सप्टेंबर
डोळ्यांची तक्रार. कॉम्प्युटरवरच्या सगळ्या चौकटींचे कोपरे गोल दिसतात. वय ५३, व्हायचंच. चष्मेवाल्याकडं जाऊन आलो. तो म्हणाला, नंबर तोच आहे. मी म्हटलं, मग कोपरे? त्यानं मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, त्याचे कोपरे टोकदार दिसले. म्हणजे दोष फक्त कॉम्प्युटरपुरता आहे. अशी केस त्यानं पहिल्यांदाच बघितली असणार. तरी नवी फ्रेम घेतलीच. चौकोनी.

१६ सप्टेंबर
अजून गोलच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बाहेरचंही मत घ्यावं म्हणून घोडेगावच्या बाजाराला गेलो. गोरक्षनाथ माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हशींचा दलाल. लोक त्याच्या शब्दावर दावं सोडतात. एका जाफराबादीचे दात बघत होता. मी सगळा प्रश्न मांडला. त्यानं विचारलं, "आत्ताची दूध देतीय का?" मी म्हटलं, देतीय. "लाथ मारती?" नाही. "मंग हनमंता, तुला नेमकं काय हुतंय?"

किती खोल प्रश्न! एसटीत बसून त्याच्यावर विचार करणार होतो, पण डोळा लागला.

२४ सप्टेंबर, दुपारी १.४०
उभ्यानंच लिहितोय. आनंदानं.

छबूबाई आल्या होत्या. त्यांच्या बचत गटाचा मसाला नेवासा, राहुरीपर्यंत जातो. पाकिटावरची लेबलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं गटाच्या कॉम्प्युटरवर. म्हणाल्या, "भाऊ, आमच्यात दोन तट पडलेत. निम्म्या म्हणत्यात अकरा घ्या, निम्म्या म्हणत्यात आहे ते बरंय. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर. लेबलं गेली तर वर्षाचा सीझन जाईल. तुमी येऊन काय ते एकदा सांगा. तुमी म्हणाल तसं करू."

१४ ऑक्टोबर, दुपारी चार वाजता, मारुतीच्या सभामंडपात, माझं जाहीर व्याख्यान!! मोठा टीव्हीसुद्धा आहे.

सविता म्हणाली, "जायच्या आधी एकदा नीट बसा माझ्यापाशी. दोन गोष्टी सांगायच्यात." कपडे कोणते घालायचे तेच सांगणार. म्हटलं, सफारी ठरलाय.

२९ सप्टेंबर
व्याख्यानाचं नाव ठरलं : 'दहा का सोडू नये? सात कारणे'. संकल्प : रोज पहाटे पाचला उठून दोन तास वाचन.

३ ऑक्टोबर
पाचला उठणं जमलं नाही. दसऱ्याचं श्रीखंड. कारणं तीन तयार : १) सवय. २) सवय मोडू नये. ३) मी.

७ ऑक्टोबर
माऊस झिजलाय. राइट क्लिक केलं की पूर्वी लांबलचक यादी यायची, आता आखूड येते. 'कॉपी', 'पेस्ट' हे शब्दच घासून गेलेत, नुसती चित्रं उरलीत. माऊस डेटॉलनं पुसला. शब्द आले नाहीत, वास आला.

तरी या सगळ्यात एक गोष्ट नक्की. आमचं दहा म्हातारं होतंय, पण साथ सोडत नाही. आज पत्त्यांचे सलग चार डाव जिंकलो. नव्यात हे सुख कुठलं!

१२ ऑक्टोबर
क्रांतिकारक कल्पना. नुसतं बोलायचं नाही, आपला कॉम्प्युटर सभामंडपात नेऊन टीव्हीला जोडायचा. सोनईकरांना अस्सल दहा डोळ्यांनी दाखवायचं!

सविताला सांगितलं तर ती हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, "कॉम्प्युटर नेऊ नका." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "ऐकणार हाय का?" मी हात वर केला. सवय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी २.३०
निघतोय. गोरक्षनाथानं पिकअप आणली आहे. मागं म्हशी नेतात ती. खाली वाळला घास अंथरून त्यावर सीपीयू ठेवला, वरून गोधडी, दोन्ही बाजूंनी दावं. गोरक्षनाथ म्हणाला, इतकं गरीब जनावर आजवर चढवलं नव्हतं. मी मागं उभा राहून एक हात त्यावर ठेवणार आहे. पेठेतून जाताना लोक हात करतील. कारणं सहा झाली आहेत. सातवं तिथं सुचेल.

सविता पुढं बसलीय. सारखी मागं वळून बघतेय. माझ्या काळजीनं असेल.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५
झालं ते लिहून ठेवतो. जसंच्या तसं.

तेहतीस बायका होत्या, आणि गोरक्षनाथ. टीव्ही लागला. निळा कोबी चार फूट रुंद दिसला. मी सुरुवात जोरात केली. म्हटलं, मायबहिणींनो, बघा, हे अस्सल दहा. गेले सहा आठवडे रोज डोळ्यांत तेल घालून तपासतोय. फॉर्म भरले जातात, प्रिंट निघते, काही म्हणता काही अडत नाही. मग सोडायचं कशाला? बायका माना हलवत होत्या. मला चढत गेलं. म्हटलं, या घटकेला अकरा माझ्यासमोर आणून ठेवा, एका नजरेत ओळखून दाखवतो!

तिसऱ्या रांगेतून रेश्मा उठली.

"भाऊ, हे अकराच हाय की. माझ्यात बी असंच हाय."

मी हसलो. म्हटलं, रेश्मा, तुझ्यात तर मी करू दिलं नव्हतं.

"व्हय, पन त्याच दिवशी वैनींनी करून दिलं," ती म्हणाली. "लई भारी चालतंय. बटन बगा ना, मधी हाय."

मी लिक्विडचं सांगायला लागलो. पुठ्ठ्यांचंही सांगितलं. सांगायला नको होतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. छबूबाई म्हणाल्या, "भांडू नका, कुठं लिहिलेलं असंल की." सवितानं पुढं येऊन माऊस हातात घेतला, दोन-तीन ठिकाणी दाबलं, आणि टीव्हीवर आलं. 'विंडोज ११'. कोबीएवढं मोठं.

सफारी घामानं पाठीला चिकटला. वाटलं, पिकअपमध्ये जाऊन गोधडीखाली बसावं. सहा कारणांचा कागद हातात होता, त्याची मी चारदा घडी घातली, पाचवी बसेना.

तेव्हा सविता बोलली. तिनं आजवर चार माणसांपुढं तोंड उघडलेलं मी बघितलं नव्हतं. माइक तिनं घेतलाच नाही. म्हणाली, "ह्यांचं म्हननं असं की, दुसऱ्याला सांगायच्या आधी आपन वापरून बगावं. म्हनून दीड म्हैना झाला आमच्या दुकानात अकराच चालू हाय. आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, मग केलं. एक फाइल गेली न्हाई, एक फॉर्म अडला न्हाई. ह्यांना तर फरक पन कळला न्हाई. मग तुमाला काय अडणार हाय?"

टाळ्या! तेहतीस बायकांच्या. गोरक्षनाथानं शिट्टी मारली.

छबूबाई म्हणाल्या, "मंग ठरलं. सविता, उद्या येतीस का? आधी लेबलं उतरवून घे." शाल सविताला दिली. नारळ मला.

१५ ऑक्टोबर, सकाळी
घरी आल्यावर सविताला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "चारदा सांगाया लागले. चारी येळंला तुमी ट्रॅफिक पोलीस." मग हसू दाबत म्हणाली, "आन तुमी रोज इतकं खूश हुता त्या दहावर. मोडवंना."

मी सहा कारणांचा कागद उलगडत बसलो. चहा निवला. तिनं दुसरा आणून ठेवला, तो घेतला.

१५ ऑक्टोबर, दुपारी
शांतपणे विचार केल्यावर वेगळंच चित्र दिसतं. प्रयोग झाला, यशस्वी झाला आणि माझ्याच दुकानात झाला. शास्त्रीय प्रयोगात गुप्तता लागते. इथं ती इतकी कडक पाळली गेली की खुद्द प्रमुखालाही पत्ता नव्हता. अशी शिस्त भल्याभल्या प्रयोगशाळेत सापडत नाही.

लोक दुकानात येऊन "काय, फरक कळला का?" असं विचारून जातात. आदरच आहे तो.

पुठ्ठे काढले. पेन टेबलावर राहतो.

१६ ऑक्टोबर
गटाचा कॉम्प्युटर सवितानं अकरावर नेला. लेबलं शाबूत. मी सोबत गेलो होतो. मसाल्यानं दोनशे शिंका आल्या. शिंकांच्या मधल्या वेळात मार्गदर्शन केलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार
घोडेगावहून फोन! तिथल्या महिला मंडळाला 'अकरावर कसं जावं' यावर व्याख्यान हवंय. बातमी तालुकाभर गेली म्हणायची. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, बोला, संचालक बोलतोय. पलीकडची बाई म्हणाली, "हां, मॅडम हायेत का?" मी सांगितलं, त्या फॉर्म भरतायत, तारीख मी देतो. सत्तावीस दिली. मग विषयाची मांडणी कशी असावी ते मी सांगायला लागलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडमला गाडी येती का चालवता?"

म्हटलं, नाही, मोटारसायकल मी चालवतो.

"मंग तुमी बी या," त्या म्हणाल्या. "दोन चहा सांगून ठेवते."

तर सत्तावीसला घोडेगाव. कोणत्या रस्त्यानं जायचं यावर मी दोन दिवस विचार करून निर्णय देईन, असं सविताला कळवलं. ती प्रिंट मोजत होती. मान वर न करता म्हणाली, रस्ता एकच हाय.