एका बाहीचा स्वेटर आणि देवीची लस

सेक्टर २२, चंदीगड
फेब्रुवारी १९७४

आदरणीय सौ. शैलजाताई यांस,

श्यामसुंदरचा सविनय नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून समाधान वाटले. मीही ठीक आहे. (डाव्या दंडाला फोड आहे आणि अंगात बारीक ताप आहे, परंतु त्याची हकीकत पुढे येईलच.) आपली धाकटी बहीण, माझी प्रभा, गेल्यापासून आपण इकडे येऊन राहण्याची इच्छा दोनदा कळवलीत आणि दोन्ही वेळा मी येथील थंडीचे निमित्त पुढे केले. थंडी आता ओसरली असल्याने खरे कारण लिहिणे भाग आहे.

मागच्या पंधरवड्यात आमच्या वसाहतीत देवीची लस टोचणारे पथक आले. बायका दारे लावून बसल्या. मी बी.एस्सी. असल्याचे (तेही वनस्पतिशास्त्रात) कोणीतरी सांगितले असावे; समजावण्याची कामगिरी माझ्यावर आली. मी हिरवळीवर उभा राहून हिंदीत सांगितले, की लशीत तो रोग नसतोच, त्याचे एक सौम्य भावंड असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंजतात, त्याचा तोंडवळा लक्षात ठेवतात, आणि पुढे खरा रोग आला तर त्याच तोंडवळ्यावरून त्याला ओळखतात. शेजारच्या ग्रेवालबाई, ज्यांना सारे बीजी म्हणतात, त्यांनी विचारले, "मास्टरजी, दुश्मन को खुद घर बुलाएँ?" मी मास्तर नाही, लेखापरीक्षण कार्यालयात अधिकारी आहे, हे त्यांना नऊ वर्षांत पटलेले नाही. मी म्हणालो, "हाँ जी, मगर थोड़ा-सा." बायका विचार करतो म्हणून आपापल्या घरी गेल्या.

ते उत्तर माझ्याच डोक्यात राहिले. प्रभाचे नसणे एकदम सोसत नाही, तर ते थोड्या मात्रेत टोचून घ्यावे, असा मी शास्त्रशुद्ध विचार केला. तिने माझ्यासाठी विणलेला राखाडी स्वेटर कपाटात होता. (डावी बाही राहून गेली.) तो रोज सकाळी चहा उकळेपर्यंत अंगात घालायचा, मग घडी करून ठेवायचा, असा क्रम ठरवला. पहिल्या दिवशी चहा उतू गेला. नंतरही रोज उतू गेला. प्रतिकारशक्तीचे चिन्ह दिसेना, म्हणून मात्रा वाढवून एके सकाळी मी तो अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर घालून हिरवळीवर गेलो.

तेथे पथक पुन्हा आलेले होते. व्याख्याते स्वतःचा दंड उघडा करून आले आहेत, असा टोचणाऱ्या बाईंचा समज झाला. "देखिए, साहब तो तैयार होकर आए हैं," असे त्यांनी मोठ्याने जाहीर केले आणि माझ्यामागे वसाहतीतल्या बायकांची रांग लागली. बाही का नाही, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा टोचून घेणे सोपे होते.

ताप चढल्यावर बीजी खिचडी घेऊन आल्या. स्वेटर उलटसुलट पाहून म्हणाल्या, "बाँह मैं बुन दूँ?" मी नको म्हणालो. (जरा जोरात म्हणालो.) "तो एक बाँह में ही सर्दी काटोगे?" "हाँ जी," मी म्हणालो. त्यांनी स्वेटर घडी करून माझ्या उशाशी ठेवला आणि मी खिचडी संपवेपर्यंत हलल्या नाहीत.

आता खरे कारण. आपला आवाज हुबेहूब प्रभाचा आहे. तेराव्याच्या सकाळी आपण स्वयंपाकघरातून "चहा टाकू का?" असे विचारलेत आणि मी "टाक गं" म्हणालो. आपण वयाने वडील, हा एकेरी उल्लेख अक्षम्य होता. त्याहून वाईट म्हणजे, त्यानंतर चहाचा कप घेऊन आपण बाहेर आलात. म्हणून विनंती, की मला पुरेशी प्रतिकारशक्ती येईपर्यंत आपण येऊ नये.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. : टोचणाऱ्या बाई आज दंड पाहून गेल्या. फोड उठला, ताप आला, दुखते आहे, म्हणजे लस लागली म्हणे. काहीच झाले नसते तर पुन्हा टोचावी लागली असती. पडल्या पडल्या मला माझेच व्याख्यान आठवले. लशीने शरीर काही विसरत नाही. ते ओळख ठेवते.

पुन्हा ता. क. : वरील विनंती रद्द समजावी. होळीपूर्वी यावे. अंबाल्याला उतरावे, मी स्टेशनवर असेन. रोगाच्या सौम्य भावंडाशी आपली तुलना होत आहे, त्याबद्दल क्षमस्व. स्वेटरला हात लावू नये. चहाचे मात्र स्वयंपाकघरातूनच विचारावे.