चमचाभर हळद

मंगळवार, २ फेब्रुवारी १९९९

रमेशला आज पुन्हा सांगितलं, बायकोच्या लायसनच्या कागदावर एकदाची सही करून टाक. म्हणाला, "आई, दोह्याचा रस्ता बघितलास का तू? ट्रेलर कसे अंगावर येतात?" म्हटलं, बघितलाय. तुझ्याच मागं बसून बघितलाय. तू कसा चालवतोस तेही बघितलंय. मग त्याचा पेपर तोंडापुढं.

इथं कतारमध्ये, दुखानला, नवऱ्याची सही नसली तर बायकोला लायसन नाही. डिसेंबरात मला दम लागला तेव्हा गाडी दारात उभी, वैशाली चावी हातात घेऊन उभी, आणि र. ड्युटीवर. शेवटी शेजारच्या हमीदाच्या नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. तोवर मी गेले असते तर र.नं सही केली असती. पण ती दुसऱ्या कागदावर.

वै. भांडी जरा जोरात घासते.

शुक्रवार, ५ फेब्रु.

कंपनीच्या क्लबात जेवण होतं. दरवर्षी ह्या साहेबलोकांना खूळ लागतं. भंगारात निघालेल्या गाड्या आणायच्या, काचा काढायच्या, दारं साखळीनं बांधायची आणि मागच्या मैदानात गोल गोल पळवायच्या. एकमेकाला ठोकायचं पण चालतं. शिकलेली माणसं. यंदा बायकांची पण शर्यत ठेवलीय.

वै.नं हात वर केला. मी वाढून घेत होते, पळी तशीच राहिली हातात.

र. हसला. सगळ्यांदेखत म्हणाला, "दहा फेऱ्या पुऱ्या करून दाखव. दुसऱ्या दिवशी सही करतो."

वै. म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं. र.चा चेहरा मग बघण्यासारखा झाला. जीभ घसरली की उचलायला वाकावं लागतं.

रविवार, ७ फेब्रु.

गाडी आली. हमीदाच्या नवऱ्यानं, इस्माईलनं, कुठून तरी ओढून आणली. तो कंपनीच्या गॅरेजात आहे. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, रंग कुठला होता ते देवाला माहीत. नात तनू म्हणाली, "आजी, इट्स सो कूल." मी म्हटलं कूल नाही, गंजलीय.

नियम आहे की जिची गाडी, तिच्या नवऱ्यानंच दुरुस्त करायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. इस्माईलनं पण नाही. म्हणजे वै.ची गाडी चालती ठेवणार कोण? तर ती चालू नये असं ज्याला वाटतं तो.

मी हे मनात ठेवलं.

बुधवार, १० फेब्रु.

र. चार दिवस ड्युटीवरून आला की गाडीखाली. हात काळे, जेवायला उशीर. मन लावून करतोय असं दिसतं. वै. बाजूला बसून पाने देते. दोघं हसत होते काल, मी खिडकीतून बघितलं. मग वाटलं, उगाच संशय घेते मी पोराचा.

पण संध्याकाळी म्हणाला, "आई, हे इंजिन काही दहा फेऱ्या काढत नाही." जास्तच खुशीत म्हणाला.

गुरुवार, ११ फेब्रु.

झोप येणार नाही. लिहून ठेवते, उद्या माझंच मला खोटं वाटेल.

मगरीबची बांग झाली आणि मैदानातले दिवे लावले. थंडी, वारा, दातात रेती. आपल्या मराठी बायकांचा बटाटेवड्यांचा स्टॉल होता, मी कढईपाशी. तिथून ट्रॅक सगळा दिसतो. हमीदानं गाडीवर काहीतरी पुटपुटून फुंकर मारली. मी चाकाखाली लिंबू ठेवलं. विश्वास नाही माझा. पण लिंबू होतं.

वै.च्या डोक्यावर हेल्मेट, अंगात र.चं कामाचं जाकीट. ओढणी घरी ठेवून आली होती. बरं केलं.

गाडी सुरूच होईना. र.नं पुढचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर सैल होती. आवळली. सुरू झाली. मी म्हटलं, चला, मनापासून करतोय.

मग एक सरावाची फेरी. एक मिसरी मास्तरीण आहे, इजिप्तची, गाडी चालवते का रेडा हाकते कळत नाही. तिनं वळणावर वै.ला समोरून दिली. पुढचा पत्रा आत. वै. परत आली तर गाडीखाली पाणी टपटप. रेडिएटर फुटला.

इस्माईल हात पाठीमागं बांधून उभा. पाय नुसते चुळबुळ. हमीदा त्याला म्हणते, "जाव नको हां तू, नायतर बाद करतील तिला."

झेंडेवाला साहेब हात वर करून सगळ्यांना बोलावतोय. पाणी गळतंय. र.नं फडकं घेतलं, टोपण फिरवलं. वाफेचा फवारा. हात भाजला त्याचा, उजवा. ओरडला. तरी टोपण सोडलं नाही. हे लिहिलं पाहिजे. सोडलं नाही.

मग माझ्याकडं धावत आला. "आई, हळद दे."

मला लगेच कळलं. ह्याचे वडील दूध डेअरीचा टेम्पो चालवायचे. रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायचे. फुगते आणि बारीक भोक बुजतं. पण एकच चमचा. जास्त टाकली तर गाळ होतो, पाणी फिरत नाही, इंजिन तापून मरतं. ते रागवायचे, "चमचाभरच रे!" आणि तो चमचा धरून चाकापाशी कोण उभं असायचं? हाच. चड्डी सावरत.

मी वड्यांच्या सामानातला पुडा दिला. वर चमचा दिला. तो घेऊन पळाला.

माझी नजर अजून चांगली आहे. त्यानं चमचा कठड्यावर ठेवला आणि पुडा उपडा केला. सगळा.

पाणी ओतलं. टोपण लावलं. गळायचं थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वै.नं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाली. तो तिच्याकडं बघत नव्हता. हाताला फुंकर घालत होता.

मी ओरडले असते तर? वीस पावलांवर तर होते. पण झेंडा पडला आणि गाड्या सुटल्या. आवाजात माझं कोण ऐकणार.

सहा गाड्या. धूळ अशी की मधेच नुसते दिवे दिसायचे. तनू माझा पदर धरून ओरडतेय, "गो ममी गो!" वडे करपले. करपू देत.

तिसऱ्या फेरीपर्यंत वै. चांगली. वळणाला बाहेरून जाते, ठोकाठोकीत शिरत नाही. हुशार आहे. चौथीला पुढून पांढरी रेघ निघाली. वाफ. पाचवीला ढग. इस्माईल मोठ्यानं म्हणाला, "तापली!" र. कठड्याला धरून उभा.

वै.नं वेग कमी केला. बाकीच्या पुढं गेल्या. दोन गाड्या एकमेकीत अडकून बंद पडल्या, त्या बायका खिडकीतून बाहेर आल्या, एक हसत होती. वै. आपली चालतेय. बैलगाडीसारखी. उतारावर इंजिन सोडून द्यायची, चढाला थोडं घ्यायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटतं घरातल्या गॅसवर शिकली, सिलेंडर संपत आला की आच कशी पुरवायची ते.

आठ. नऊ. आत खडखड यायला लागली. पेटेल असं वाटलं मला. मी म्हटलं उतर बाई, खड्ड्यात जाऊ दे लायसन. दारं साखळीनं बांधलेली. आग लागली तर खिडकीतूनच यायचं. र. आता ओरडत होता, "वैशाली, थांब! थांब!" खरंच ओरडत होता. मी बघितलं, डोळे फाटले होते त्याचे.

ती थांबली नाही.

दहावीला शेवटच्या वळणानंतर इंजिन खलास. आवाजच गेला. गाडी सरपटत आली आणि पांढऱ्या रेघेच्या अलीकडं उभी राहिली. अगदी अलीकडं. मी हातातला झारा ठेवला.

तेवढ्यात मागून मिसरी मास्तरीण. तिला धुरात दिसलं नसेल नाहीतर दिसलं असेल. दाणकन दिली मागून. वै.ची गाडी उडाली ती रेघेच्या पलीकडं.

साहेबानं झेंडा खाली केला. तनू नाचायला लागली.

वै. खिडकीतून बाहेर आली. तोंड सगळं धुळीनं माखलेलं, नुसते डोळे. र. धावत गेला, तिला दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. मग पहिलं वाक्य काय बोलला तर, "पुरी नाही झाली. ढकलली गेलीस तू."

शुक्रवार, १२ फेब्रु.

वै.ची मान दुखते. शेकली. र.च्या हाताला फोड आलेत, मलम लावलं. दोघांनाही मीच. एकमेकांशी बोलत नाहीत.

जेवताना तनू म्हणाली, "पापा, द फ्लॅग केम डाउन. ममी फिनिश्ड." र. म्हणाला, मोठ्यांच्यात बोलू नये. मी म्हटलं, मोठे बोलत नाहीत म्हणूनच बोलतेय ती.

र. म्हणाला, विचार करतो.

स्टॉलचं सामान धुवायला काढलं. तो चमचा निघाला. मी तो कठड्यावरून उचलून आणला होता. कोरडा. हळदीचा डाग धुतला तरी जात नाही, आणि ह्याला ठिपका नाही. पाण्यात घातला नाही मी. पुसून फडताळात मागं ठेवला.

भाजल्या हातानं चमचा धरवला नसेल. अंधार होता, घाई होती. वडिलांची आठवण आली असेल, मापाची आली नसेल.

असेल, असेल.

शनिवार, १३ फेब्रु.

हमीदा आली. दारातूनच, "आजी, माज्या घोवान रेडिएटर उघडलान. आत नुसता पिवला चिकल! पुरन वाटल्यासारका." हसत होती बिचारी, तिला काय माहीत. वै. कणीक मळत होती. हात थांबले.

"किती हळद लागते हो हमीदाभाभी, भोक बुजायला?"

"माका काय ठाव! ह्यो म्हनतो चमचाभर."

वै.नं पुन्हा कणीक मळायला घेतली. फार मळली. पोळ्या रबरासारख्या झाल्या.

रविवार, १४ फेब्रु. महाशिवरात्र

उपास. साबुदाणा भिजत घातला. र. सकाळच्या ड्युटीला गेला.

दुपारी वै. माझ्यासमोर येऊन बसली. सरळ विचारलं, "आई, तुम्ही वड्यांपाशी होतात. समोरच. त्यांनी किती टाकली हळद?"

सहा वर्षं एका घरात आहोत. कधी नवऱ्याबद्दल मला विचारलं नाही तिनं. मला बरंही वाटलं आणि रागही आला. पोटचं पोर आहे ते माझं. आणि पोटचं म्हणून काय? शेतातला दगडही आपलाच असतो, नांगर त्याच्यावरच मोडतो.

म्हटलं, "बघितलंय मी. पण तुला एकटीला सांगणार नाही. पाठीमागं सांगितलं तर ती चुगली होते. तो आला की त्याच्यासमोर सांगते."

"मग ते सही करणार नाहीत."

"आणि न सांगता केली, तर ती सही तुला चालेल का?"

वै. म्हणाली, "त्या धुरात ते मला थांब म्हणत होते. ते तुम्ही ऐकलंत का?"

ऐकलंय म्हटलं. तेही सांगेन.

साबुदाणा फुगलाय. चमचा फडताळातून काढून टेबलावर ठेवला, मधोमध. बाहेर गाडी थांबली. वै. दार उघडायला उठत नाही.

मीच उठते.