बिनसाखरेच्या बरणीतला गूळ

माय, तू जाऊन बावीस वर्सं झाले. एवढ्या वर्सांत तुले काही लिवावं असं मले कधी वाटलं नाई. लिवून करणार काय, तुले वाचता येत नव्हतं, अन् मी चवथीपर्यंत शिकलेली, माह्या अक्षराले माही पोरगीच हासते. पण आज तिच्याच जुन्या वहीतले कोरे पानं फाडले अन् दुपारचे भांडे तसेच ठेवून सैपाकघरात पाटावर बसली. सांगायचं आहे तिले. ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पडून आहे, हाक मारली तर ओ देईन एवढ्या अंतरावर. तिच्या तोंडावर सांगायची माही हिंमत होऊन नाई राह्यली, म्हणून तुले सांगतो. तू उलटून काही विचारणार नाईस.

तू तुह्या नातीले पाह्यलं नाई. ती झाली तवा तुले जाऊन चार वर्सं झाले होते. तिले नऊ वर्सांची असताना शुगर निघाली. तुले उतारवयात झाली तशी नाई. हिच्या अंगात इन्सुलिन बनतच नाई, म्हणून दिवसातून चार येळा सुई, पोटाले नाई तर मांडीले. जेवढं खाल्लं त्या मापानं सुई. ते सगळं ती वहीत लिवते. किती पोळ्या, किती वाट्या भात, मशीनवर आकडा किती, सुई किती. नऊ वर्सं झाले, एक दिवस चुकली नाई. मी वरणात मीठ टाकायचं इसरतो, तिची वही इसरत नाई. आता बारावी झाली, अमरावतीले नर्सिंगले नंबर लागला, होस्टेलमधी राहायचं आहे. सोमवारपर्यंत जाऊन नाव पक्कं केलं नाई तर जागा दुसरीले जाते. अन् ती म्हणते, मी नाई जात. हे माह्यामुळं झालं. माह्यामुळं झालं हे तिले माहीत नाई, तेच तर सांगायचं आहे.

महिना झाला असन. ती मैत्रिणीच्या वाढदिवसाले गेली होती. घरी आली तशी मी विचारलं, "काय खाल्लं व?" म्हणे, "काकडी." "अन् बाकीच्या पोरीयनं?" तर म्हणे, "त्यायनं ते बरणीतलं चॉकलेट खाल्लं, ब्रेडले लावून. आई, एकीनं तर बोट घालून चाटलं." असं म्हणून हासली. ते हासणं मले सहन झालं नाई. रडली असती तर मी चार शब्द बोलली असती. शेजारची सून दिवसभर फोनमधी तोंड घालून असते, तिले सांगतलं, तर लगेच म्हणे, "काकू, ते घरी होते ना! बिनसाखरेचं पण होते, हे पाहा." तिनंच फोनवरून त्याले लागतात ते दाणे मागवले. हेझलनट म्हणतात. गोल, टणक, पोरायच्या गोट्यासारखे. इथी आपल्या वाशीमकडच्या मालेगावात कोण्या किराणावाल्यानं नावही आयकलं नव्हतं. तुह्या जावयानं पुडा पाह्यला अन् म्हणते, "हे कायचं बी व? कोण्या वावरात पेरायचं?" मी म्हटलं, "तुमच्या टाळक्यात पेरतो, काही उगवलं तर उगवलं." पोरगी किती हासली त्या दिवशी.

दाणे भाजायले बसली अन् तू आठवली. कामरगावच्या बाजारात तू फुटाणे अन् शेंगदाणे भाजून विकत होती. मी सात-आठ वर्सांची. तुह्या कढईत वाळू तापते, दाणे पडतात, तू झारा फिरवते, अन् मी झाला का नाई पाहायले एक दाणा उचलून तोंडात टाकतो. तू झाऱ्याची दांडी माह्या हातावर हाणते. "जिभेनं पाहशीन तर अर्धी पाटी तूच खाशीन. नाकानं पाह्य. करपायच्या आंधी वास पालटते, तवा उचल." माह्यावर जीव आहे असं तुनं कधी तोंडानं म्हटलं नाई, पण घरी जातानी ओंजळभर फुटाणे अन् त्यावर गुळाचा खडा न मागता देत होती. तर मी ते विलायती दाणे नाकानं भाजले. वास पालटला अन् उचलले. एकही करपला नाई. टॉवेलमधी घालून चोळले, टरफलं उडवले. मिक्सरमधी त्याचा पहिले रवा झाला, मंग गोळा झाला अन् भांड्याच्या कडेले चिकटून बसला. मिक्सरले जळका वास सुटला. थांबली, त्याले थंड होऊ देल्लं, पुन्हा फिरवला. असं चार-पाच डाव झालं तवा कुठी दाण्याले तेल सुटलं अन् गोळा वाहायले लागला, ताज्या लोण्यासारखा. त्यात कोकोची पावडर टाकली, चिमूटभर मीठ टाकलं, अन् साखरेच्या जागी वापरतात ती भुकटी टाकली. मंग बोट लावून पाह्यलं. कडू. अन् कडूच्या मागून त्या भुकटीची चव, गोळी जिभेवर इरघळली म्हणजे राह्यते तशी.

माह्यापाशी धीर नाई, तुले माहीत आहे. पुन्हा भुकटी टाकली, चव आणखीनच बिघडली. एवढे महागाचे दाणे, एवढी मेहनत, अन् ती एक चमचा खाईन अन् "चांगलं आहे आई" म्हणून बरणी बाजूले सारीन, हे मले डोळ्यापुढं दिसलं. ती असंच करते. नऊ वर्सं मी तिले जे जे बिनसाखरेचं करून देल्लं त्याले ती "चांगलं आहे" म्हणते. मंग माहा हात गुळाच्या डब्याकडं गेला. दोन मुठी किसला. फिरवला. पुन्हा बोट लावलं. माय, काय चव आली होती.

तुह्या घरी गूळ म्हणजे औषध होतं. पाहुणा उन्हातून आला की गूळ-पाणी. बाळंतिणीले गूळ, माहं पोट दुखलं की कोमट पाण्यात गूळ. वाशीमच्या डॉक्टरनं तुले साखर बंद सांगतली तवा तू घरी आली अन् साखरेचा डबा उचलून शेजारणीले देऊन टाकला, एका दिवसात. अन् मले म्हणे, "पोरी, आता गुळाचा चहा ठेवत जा. त्याले काही होत नाई, तो आपल्या मातीतला आहे." मी ठेवला. मी बाळंतपणाच्या आशेनं माहेरी येऊन राह्यलेली, दोन डाव पोट पडलेलं, मले दुसरं काम नव्हतं. दिवसातून पाच येळा तुले गुळाचा चहा देल्ला. तुहा अंगठा काळा पडला तवाही देल्ला. पाय कापला, तू घरी आली, तवाही तू तेच मागतलं अन् मी तेच देल्लं. तू बशी फुंकत म्हणत होती, "एवढं पाळून राह्यली तरी हे दुखणं हटत नाई." आपल्याले कोणी सांगतलंच नव्हतं. तुह्या येळी मले असं म्हणता येते.

ह्या येळी नाई म्हणता येत. पोरगी पहिल्यांदा दवाखान्यात भरती होती तवा सिस्टरनं मले स्टुलावर बसवून बोटावर मोजून सांगतलं होतं, साखर, गूळ, मध, काकू, अंगात गेल्यावर हे सगळं एकच. मी मान हालवली. तुहा चहा तवाच माह्या ध्यानात आला, मी तिथंच रडली, अन् सिस्टरले वाटलं पोरीसाठी रडून राह्यली. म्हणजे मले माहीत होतं. अडाणी होती म्हणून चूक झाली, असं मी कोणाले सांगू शकत नाई. मी माहीत असून किसला. तिनं एक डाव खरं खरं "आई, मस्त" म्हणावं, एवढ्यासाठी. दोन मुठीनं काय होते, असं मनाले म्हटलं.

अन् ती म्हणली. पहिला घास खाल्ला अन् डोळे मोठे करून पाह्यलं माह्याकडं. "आई! हे तर त्या बरणीतल्याहून भारी आहे! यात गोड काय टाकलं तुनं?"

"ते भुकटी."

"फक्त भुकटी?"

"मंग काय मी खोटी बोलतो?" मी तिच्यावर खेकसली. खेकसलं की ती पुढं विचारत नाई, हे मले ठाऊक आहे.

तिनं वहीत लिवलं: चॉकलेट, बिनसाखरेचं, आईनं केलं. दुपारी मशीनवर आकडा साडेतीनशेच्या वर. तिले वाटलं भात जास्त झाला. दुसऱ्या दिवशी भात सोडला, तरी तेच. तिसऱ्या दिवशी तिले वाटलं इन्सुलिनची बाटली खराब झाली, नवी फोडली. सुईची जागा बदलली. चौथ्या दिवशी तिनं पोळी अर्धी केली, फळ सोडलं, अन् भूक लागली की ते चॉकलेट खाय, कायले की तिच्या हिशोबानं घरात तेवढं एकच बिनधोक होतं. मी पाहून राह्यली होती. रोज सकाळी म्हणतो, आज बरणी हातातून पाडतो, फुटली म्हणून सांगतो. अन् ती चमचा घेऊन येते. तोंड बारीक झालेलं, पण चमचा चाटतानी तिचं तोंड लहानपणीसारखं होते. मी बरणी पाडली नाई. तिनं डॉक्टरले फोन लावला, वही वाचून दाखवली. वहीत गूळ नव्हता, तर डॉक्टरले कसा दिसन. त्यानं सुईचं माप वाढवलं.

सातव्या दिवशी बरणी संपली. मी ती राखेनं घासली, उन्हात पालथी घातली अन् वाटलं, सुटली. पण वाढवलेली सुई तशीच चालू होती, हे माह्या डोक्यात आलं नाई. दोन दिवसांनी सकाळी ती आरशापुढं येणी घालून राह्यली होती. हातातून कंगवा पडला. मी म्हटलं, "धड धरता येत नाई का?" पाह्यलं तर कपाळावरून घामाच्या धारा, ओठ पांढरे, डोळे उघडे पण मले ओळखत नाई. शुगर एकदम खाली गेली होती. मी डबा उघडला अन् साखर तिच्या गालात कोंबली, मूठ मूठ, वरून बोटानं गालफडं चोळले. "गिळ व माय, गिळ," म्हणून ओरडून राह्यली. शेजारची सून धावत आली. माह्या हाताले साखर चिकटलेली, पोरीच्या केसात साखर, फरशीवर साखर. किती येळ गेला मले सांगता येत नाई. मंग तिनं पापण्या हालवल्या अन् हळूच म्हणे, "आई, तू काहून रडून राह्यली?"

डॉक्टरनं सुई परत पहिल्यासारखी केली. पण पोरीच्या मनातून काही तरी गेलं, ते परत आलं नाई. म्हणे, "आई, मी सगळं पाळलं तरी वर गेली, सगळं पाळलं तरी खाली गेली. हे अंग भरवशाचं नाई. होस्टेलमधी तू नसशीन. तिथी मले कोण उठवन?" तुहा जावई म्हणते, "नाई जायचं तर नोको जाऊ, वाशीमले काही तरी पाहू." तिनं वही कपाटावर टाकून देल्ली. आठ दिवस झाले, एक अक्षर लिवलं नाई. आकडा पाहते अन् मशीन बाजूले ठेवते. नऊ वर्सं जे जपलं त्याचा तिले वीट आला, अन् त्यात तिची चूक रत्तीभर नाई. एक शब्द सांगतला तर ती उठून बसन, वही काढन, त्या सात दिवसांपुढं गूळ लिवन, अन् तिचे सगळे आकडे जुळतीन. ती हुशार आहे, तिले एका मिनिटात समजन की अंग भरवशाचं आहे, आई भरवशाची नाई. मंग ती अमरावतीले जाईन, अन् सुट्टीत घरी आली की माह्या हातचा घास उचलायच्या आंधी माह्याकडं पाहीन. तेवढं पाहणं मले सोसन का, हे विचारत मी दोन दिवसांपासून घरात फिरून राह्यली. आज शुक्रवार आहे.

हे पानं कुठी पाठवू? पिठाच्या डब्याखाली ठेवतो. ती तिथी हात घालत नाई.

पण तुह्यापाशी खोटं कायले बोलू. घास उचलायच्या आंधी पाहीन म्हणून सांगत नाई, हे मी वर लिवलं, ते अर्धंच खरं आहे. ती "मी नाई जात" म्हणली तवा मी कणीक मळून राह्यली होती. पोरीचं नुकसान होऊन राह्यलं, माह्या हातानं झालं, हे सगळं मले समजत होतं, अन् तरी त्या घडीले मले बरं वाटलं, माय. ती घरीच राहीन म्हणून. मी मान वर न करता "बरं" म्हटलं, अन् मळत राह्यली.