म्हैस आणि तथास्तु

कळसाडी, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५२

सौ. अन्नपूर्णेस कळसाडीहून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. शाळाही नीट चालली आहे. माईचा खोकला उतरला का?

मला ऐकू कमी येते हे मी वर्षभर लपवले. बहिरा मास्तर कोण ठेवील, ही धास्ती. कोणी काही विचारले की हसून 'तथास्तु' म्हणायचे. परवा पितांबर पाटलांनाही म्हणालो, तर सकाळी माझ्या ओसरीला त्यांची म्हैस बांधलेली. गोठा शाकारून होईपर्यंत ती इथेच राहील, असे आमचे ठरले होते म्हणे.

शेवटी त्यांना खरे सांगून टाकले. शाळेची कमिटी त्यांच्याच हाती. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ते त समद्या गावले ठाऊक शे, गुरुजी. पोरे उगाच वरडीसन पाठ म्हणतस का?"

तो घोष मी माझ्या शिकवण्याचे तेज समजत होतो. असो. नोकरी शाबूत आहे, छातीवरचा धोंडा उतरला, आणि म्हशीचे दूधही मिळते.

आता तुझ्यापाशीही खरे सांगतो. मी निघताना दारात तू हळूच काही म्हणालीस आणि मी मान डोलावली. ऐकू काहीच आले नव्हते. काय कबूल केले ते लिहून कळव, म्हणजे पाळीन.

लोभ असू दे, आणि यापुढे तो मोठ्याने सांग.

दामोदर